डेस्कटॉप सपोर्टमधून पुढे जायचं आहे: पहिलं सर्टिफिकेशन कोणतं करावं?

चैत्राली_नाशिक

नमस्कार मंडळी,

मी बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स), मूळची नाशिकची. सध्या पुण्यात खराडीला एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, एल-वन, म्हणजे सपोर्टची पहिली पायरी. पासवर्ड रीसेट, आउटलुक उघडत नाही, व्हीपीएन लागत नाही, नवीन जॉइनरला लॅपटॉप तयार करून द्या, प्रिंटर, पुन्हा प्रिंटर. शिफ्ट बदलत राहते. दोन वर्षं होत आली. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत, पण याच जागेवर राहिले तर पगार फारसा हलणार नाही हे स्पष्ट दिसतंय.

थोडे पैसे बाजूला टाकले आहेत. ते एकदाच आणि नीट वापरायचे आहेत. टीमलीड म्हणतात सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) कर. मैत्रीण म्हणते एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड). यूट्यूबवर जो तो सिक्युरिटी प्लस (सायबर सुरक्षेचं) सांगतो. एका क्लासमध्ये चौकशीला गेले तर त्यांनी क्लाउड, डेव्हऑप्स आणि सायबर सिक्युरिटी असं सगळं सहा महिन्यांत एकत्र देतो म्हणून सांगितलं. फी लाखाच्या घरात, 'शंभर टक्के प्लेसमेंट', आणि आजच भरलेत तर सवलत. घरी बाबांचं म्हणणं एमसीए कर.

पहिलं काय करू? क्लास लावू की घरी अभ्यास करू? आणि या सर्टिफिकेटांना नोकरीत खरंच किती किंमत आहे? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

सह्याद्रीभटका

सीसीएनए, दुसरा विचार नको.

मी नेटवर्कमध्येच आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असणारच, पण कारण सांगतो. क्लाउडमधलं व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल, सिक्युरिटी ग्रुप हे सगळं नेटवर्कच आहे. पाया नसला की माणूस कन्सोलवर बटणं दाबत बसतो आणि का चालत नाही ते त्याला सांगता येत नाही. पूर्वी सीसीएनएचे राउटिंग-स्विचिंग, सिक्युरिटी, वायरलेस असे वेगवेगळे फाटे होते. २४ फेब्रुवारी २०२० पासून ते मोडून एकच परीक्षा ठेवली आहे, २००-३०१. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर, वैधता तीन वर्षं. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्क उभारून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, महागडी यंत्रं विकत घ्यायची गरज नाही.

क्लासला पैसे देण्याआधी सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित) कागदावर करून बघ. ते आवडलं तर नेटवर्क तुझं.

---

नाइटशिफ्ट

'आजच भरलेत तर सवलत' म्हणणाऱ्या क्लासमधून उठून यायचं. बाकीचं नंतर लिहितो, तिकीट (कामावरची तक्रार) आलंय.

---

ओवी

सह्याद्री, सीसीएनएबद्दल आदर आहे, पण इथे असहमत. तुम्ही तिला तुमच्या गावाचा रस्ता सांगताय. ती कुठे उभी आहे ते आधी बघू या.

चैत्राली, तू रोज काय करतेस ते तूच लिहिलंयस. लॅपटॉप तयार करून देणं, पासवर्ड, व्हीपीएन, आउटलुक. याच कामाची वरची पायरी म्हणजे एंडपॉइंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. म्हणजे लॅपटॉप एकेक करून हाताने लावण्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या इन्ट्यून आणि ऑटोपायलट या साधनांनी शेकडो मशिनांवर पॉलिसी, अ‍ॅप आणि अपडेट पाठवणं. मायक्रोसॉफ्टची त्यासाठी एमडी-१०२ ही परीक्षा आहे. पूर्वी एमडी-१०० आणि एमडी-१०१ अशा दोन होत्या, २०२३ मध्ये त्यांची एक झाली. तू जे पासवर्ड रीसेट करतेस त्यामागे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एन्ट्रा आयडी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली असणार (एन्ट्रा आयडी हे अझ्युर एडीचंच २०२३ मध्ये ठेवलेलं नवं नाव). त्याची पुढची परीक्षा एससी-३००, आयडेंटिटीची.

याचा फायदा असा की मुलाखतीत 'हे कधी केलंय का' विचारलं तर तुझ्याकडे दोन वर्षांचं उत्तर तयार आहे. एडब्ल्यूएसचं सोल्युशन्स आर्किटेक्टचं सर्टिफिकेट दाखवलंस तर पुढचा प्रश्न येणार, 'आर्किटेक्चर कुठे केलंत?' तिथे काय सांगणार?

पैशाचंही बघ. अमेरिकेत या असोशिएट पातळीच्या परीक्षेला १६५ डॉलर पडतात. मायक्रोसॉफ्ट देशाप्रमाणे दर लावतं, त्यामुळे भारतात त्याहून बरीच कमी फी आहे. वैधता मात्र एकच वर्ष. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्ट लर्नवर एक छोटी ऑनलाइन चाचणी फुकट द्यायची, की वर्ष वाढतं.

---

कोल्हापुरी_रस्सा

ओवीताई +१. आजच्या कामाला लागून असलेलंच घ्यायचं.

पण एक खरं बोलतो. आमच्याकडे निम्मी जनता डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं) वाचून पास होते. दोन आठवडे डंप पाठ करा, परीक्षा द्या, एचआरच्या एक्सेलमध्ये टिक. कोणी विचारत नाही.

---

सह्याद्रीभटका

कोणी विचारत नाही? मी मुलाखती घेतो, मी विचारतो.

सर्टिफिकेट दिसलं की मी त्यावरच पहिला प्रश्न काढतो. 'दोन व्हीलॅनमधली मशिनं एकमेकांशी बोलत नाहीत, कुठून सुरुवात कराल?' डंपवाला पहिल्या मिनिटात कळतो, आणि मग सर्टिफिकेट नसलेल्या उमेदवाराला मिळते तेवढीही सवलत त्याला मिळत नाही, कारण माहीत असल्याचा दावा त्याने केलेला असतो. शिवाय हे परीक्षेच्या कराराचं उल्लंघन आहे. निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. नव्या मुलीला हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगतो.

---

कोल्हापुरी_रस्सा

दादा, मी डंप वाच म्हटलं नाही, चालतं काय ते सांगितलं. आणि मुलं तिकडे का वळतात तेही बघा की. ३०० डॉलर अधिक कर म्हणजे एल-वनच्या पोराचा महिन्याचा किती पगार गेला? नापास झाला तर पुन्हा तेवढेच. भीती पैशाची असते, अभ्यासाची नसते. गाव सोडून पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोराला हा धोका परवडत नाही.

---

ओवी

हा मुद्दा मान्य आहे आणि महत्त्वाचा आहे. म्हणून अधिकृत फुकट साधनं आधी संपवायची. मायक्रोसॉफ्ट लर्नवर जवळपास प्रत्येक मोठ्या परीक्षेची सराव चाचणी मोफत असते. एडब्ल्यूएसच्या स्किल बिल्डरवरही अधिकृत सराव प्रश्न फुकट आहेत. तिथे सलग चांगले गुण आल्याशिवाय परीक्षेची तारीख घ्यायचीच नाही. एडब्ल्यूएसची एक परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेला निम्मी सवलत मिळते, ती खात्यात पडून राहते आणि लोक विसरतात.

आणि चैत्राली, तुझ्या कंपनीत एचआरला विचार की परीक्षेची फी परत मिळते का. बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावर मिळते. मात्र त्या बदल्यात अमुक महिने नोकरी सोडायची नाही अशी अट असते का, ते सही करण्याआधी वाच.

---

टेस्टरबाई

घरून परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

नाव! परीक्षेच्या खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी, लग्नानंतर तिसरंच. माझ्या एका सहकारणीला याच कारणावरून परीक्षेला बसू दिलं नाही. खातं उघडतानाच पासपोर्ट समोर ठेवून नाव भरा.

दुसरं, खोलीत कोणी येता कामा नये. टेबल रिकामं, फोन लांब. माझी परीक्षा चालू असताना सासूबाई 'अगं, चहा घेतेस का' म्हणत दार उघडणार होत्या, मुलाने जीव खाऊन अडवलं. परीक्षकाला चहाचं महत्त्व पटवून देता आलं नसतं. शक्य असेल तर केंद्रावर जाऊन द्या.

---

लोकलप्रवासी

>> परीक्षकाला चहाचं महत्त्व पटवून देता आलं नसतं

हे वाचून ट्रेनमध्ये मोठ्याने हसलो, शेजारच्या काकांनी वळून पाहिलं.

अवांतर: आमच्या वेळी एकच सर्टिफिकेशन होतं, एमएससीआयटी. एमकेसीएलने सुरू केलं आणि गावोगावच्या मुलांनी पहिल्यांदा माउस हातात धरला. आमच्या आत्याने चाळिशीत केलं, पंचायत समितीत नोकरीला होती म्हणून. आजही एक्सेलमध्ये तिचा हात कोणी धरणार नाही.

---

प्रा_सातारा

लोकलप्रवासी, ते अवांतर मुळीच नाही. सरकारी नोकरीत एमएससीआयटीला किंमत आहे कारण नियमात तशी अट आहे. सर्टिफिकेटची किंमत ते मागणारा कोण आहे यावर ठरते. मोठी बोजड परीक्षाही कोणी मागत नसेल तर बायोडेटाची एक ओळ भरते, इतकंच.

मी कॉलेजात शिकवतो. पैसे कमी असणाऱ्यांना एनपीटेल सुचवेन. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट, नोंदणी फुकट, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला १००० रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अंतिम गुणांत २५ टक्के दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांचा पाया पक्का करायला याहून स्वस्त आणि चांगलं मला माहीत नाही. कंपन्या ते मागत नाहीत हे खरं. पण पुढच्या कुठल्याही परीक्षेचा अभ्यास त्याने निम्म्यावर येतो.

---

अजून_एक_पुणेकर

सीडॅकचं (संगणक क्षेत्रातली सरकारी संस्था) कोणी नाव कसं काढलं नाही? पुण्यात राहून?

---

नाइटशिफ्ट

तिकीट संपलं. सीडॅकचा पीजी डिप्लोमा उत्तम, मी स्वतः त्यातलाच डॅक हा डिप्लोमा केलेला आहे. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, पूर्ण वेळ सहा महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅब. पण त्याला नोकरी सोडावी लागेल. आणि बहुतेक अभ्यासक्रमांना अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए, एमएस्सीसारखं पुढचं शिक्षण लागतं. नुसत्या बीएस्सीवर अर्ज करण्याआधी पात्रता वाचून घे.

आता क्लासबद्दल. मी सपोर्टमधूनच लिनक्स अ‍ॅडमिनला आलो. क्लास वाईट नसतात, मी ज्यांच्याकडे शिकलो ते सर दिवसा डेटा सेंटरमध्ये काम करायचे आणि संध्याकाळी शिकवायचे. रात्री प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष चालू यंत्रणेत, काय फुटलं होतं ते सांगायचे, त्यातून खरं शिकलो. म्हणून क्लासमध्ये तीन गोष्टी विचार. शिकवणारा माणूस सध्या काय काम करतो? लॅब माझ्या हातात किती वेळ मिळेल? आणि मागच्या बॅचमधल्या कोणाशी तरी मला बोलायला द्याल का, तुम्ही निवडलेल्या नव्हे, मी यादीतून निवडलेल्या माणसाशी? 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द त्यांच्या पावतीवर लिहून मागून बघ. माझ्या चुलतभावाला अशाच एका क्लासने 'प्लेसमेंट' म्हणून तीन मुलाखतींचे ईमेल पाठवले. तिन्ही विनापगारी इंटर्नशिपच्या होत्या.

सहा महिन्यांत क्लाउड, डेव्हऑप्स आणि सिक्युरिटी तिन्ही शिकवतो म्हणणाऱ्याने तिन्हीपैकी एकही पोटापाण्यासाठी केलेलं नाही, असं माझं ठाम मत.

आणि एक. प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या परीक्षांना मी सगळ्यांत वर ठेवतो. रेड हॅटची आरएचसीएसए, ईएक्स-२०० परीक्षा. त्यात पर्याय नाहीत. समोर मशिन असतं, कामं दिलेली असतात, ३०० पैकी २१० गुण लागतात. मशिन रीबूट केल्यावर तुमचं कॉन्फिगरेशन टिकलं नाही तर गुण नाहीत. ऑफिसात पहाटे तीनला अगदी हेच होतं. सर्व्हर रीबूट होतो आणि कोणीतरी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) नोंद न केलेली डिस्क गायब असते. कुबरनेटिस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षासुद्धा अशीच आहे, दोन तास, टर्मिनलवर. अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायची परवानगी असते आणि एकदा नापास झालात तर दुसरी संधी त्याच फीत. पाठांतराचा तिथे उपयोगच नाही.

---

माधवकाका_ठाणे

चैत्राली, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला, नोकरीत सर्टिफिकेटांची किंमत किती याला, जवळपास सगळ्यांनी बगल दिलीय. म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. बँकेच्या आयटीत हयात गेली, आता निवृत्त.

प्राध्यापकांनी बरोबर सांगितलं, मागणारा कोण ते बघायचं. यूट्यूबवर सिक्युरिटी प्लसचा एवढा गजर का? कारण अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा नियम आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ८५७० होता, आता ८१४०. त्यांच्या माहिती यंत्रणांच्या सुरक्षेचं काम करणाऱ्याला, मग तो कंत्राटदार असो, मान्य यादीतलं सर्टिफिकेट लागतं आणि सिक्युरिटी प्लस त्या यादीत आहे. त्यामुळे तिकडच्या मुलांना त्याचा थेट नोकरीशी संबंध आहे. खराडीतल्या मुलीला तो संबंध नाही. अभ्यासक्रम चांगलाच आहे, वाचायला हरकत नाही. पैसे कुठे घालायचे हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडे कोण मागतं? एक तर सर्व्हिस कंपन्या, आणि त्यामागचं कारण मुलांना कोणी सांगत नाही. एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टचा भागीदार म्हणून वरचा दर्जा टिकवायचा तर कंपनीला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून भागीदारांसाठी गुणांची पद्धत आणली, त्यात कर्मचाऱ्यांच्या सर्टिफिकेटांचे गुण धरले जातात. म्हणजे तुझं सर्टिफिकेट कंपनीलाही हवं असतं. त्यामुळे फी कंपनीकडून मागायला लाजायचं कारण नाही, तुम्ही उपकार मागत नाही आहात.

दुसरे मागणारे म्हणजे बँका आणि त्यांचे ऑडिटर. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ ला बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (यंत्रणेतल्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. हे सगळं तपासायला माणसं लागतात, आणि तिथे सीआयएसए (ऑडिटचं) किंवा सीआयएसएसपी (सुरक्षेचं) असं नावामागे असलं की दार उघडतं. पण दोन्हींना पाच वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा आधी देता येते, पदवीमुळे थोडी सवलतही मिळते, तरी पुरं प्रमाणपत्र अनुभव दाखवल्यावरच. त्यामुळे आज तुझ्यासाठी ती नाहीत. चार-पाच वर्षांनी हा धागा पुन्हा उघड.

तिसरा मागणारा म्हणजे बायोडेटा चाळणारा. त्याला मजकुरातले शब्द जुळवायचे असतात. तिथे सर्टिफिकेट तुला मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचवतं. आतलं काम तुझं.

म्हणून एक अभ्यास देतो तुला. दोन-तीन रविवार घाल. नोकरीच्या साइटवर पुण्यातल्या अशा जाहिराती काढ ज्यांचा पगार तुला हवा आहे आणि ज्यांतलं निम्मं काम तुला आज येतं. त्यांत कोणती नावं परत परत येतात ती वहीत लिही. इथे आम्ही सगळे आपापल्या अनुभवावरून बोलतोय. तुला ज्यांच्याकडे नोकरी करायची आहे ते काय मागतात ते त्या वहीत दिसेल.

---

लोकलप्रवासी

काका, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

---

टेस्टरबाई

माधवकाकांना अनुमोदन. आमच्या टेस्टिंगमध्ये आयएसटीक्यूबी या सर्टिफिकेटचं असंच आहे. फाउंडेशनला ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास, आणि त्याला मुदतच नाही. युरोपातले क्लायंट मागतात म्हणून कंपन्या करायला लावतात. त्याने टेस्टिंग येतं का? परिभाषा येते, आणि क्लायंटबरोबरच्या बैठकीत सगळे एकच भाषा बोलतात. तेवढ्यासाठी करण्यासारखं आहे.

---

इसारकाठी

म्युनिकहून लिहितेय. बाहेर जायचा विचार असेल तर एक माहिती. नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनीत ईयू ब्लू कार्डसाठी (कुशल परदेशी माणसांचा कामाचा परवाना) आयटीतल्या माणसाला पदवी नसली तरी चालते, मागच्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. पगाराची किमान अट असतेच. म्हणजे इथलं सरकारही अनुभव मोजतं. नुसत्या सर्टिफिकेटवर कोणाला व्हिसा मिळालेला मी पाहिलेला नाही. एल-वनचा अनुभव त्या तोडीचा धरतील असं मला वाटत नाही, त्यामुळे वरच्या कामाकडे लवकर सरकणं यासाठीही महत्त्वाचं.

आणि इथे जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेने जेवढी दारं उघडतात तेवढी कुठल्याही क्लाउड सर्टिफिकेटने नाही. माझ्या टीममध्ये तांत्रिक बाजूने माझ्याहून हुशार एक मुलगा आहे, पण क्लायंटसमोर मला पाठवतात.

---

कोल्हापुरी_रस्सा

एमसीएचं राहिलं. बाबांचंही ऐका जरा. २०२० पासून एमसीए दोन वर्षांचं झालं आहे. इग्नूतून नोकरी सांभाळून करता येतं. काही कंपन्यांत पदवीची एकूण वर्षं मोजतात, बीएस्सीवाल्याला वेगळ्या श्रेणीत टाकतात, आणि ती श्रेणी पुढे बरीच वर्षं पगाराला चिकटते. बहुतेक सर्टिफिकेटं एक ते तीन वर्षांत संपतात, पदवी संपत नाही.

---

ओवी

रस्सा, हे बरोबर. २०२० साली ज्यांच्या नावापुढे एमसीएसई होतं त्यांनी हे अनुभवलंय. ३१ जानेवारी २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी, एमसीएसई सगळ्या परीक्षा बंद केल्या. भिंतीवर फ्रेम करून लावलेली सर्टिफिकेटं होती लोकांची. त्यातलं ज्ञान गेलं नाही, पण जाहिरातीतून ते नाव गेलं. म्हणून मी एमडी-१०२ म्हणताना इन्ट्यून शिक असं म्हणतेय. परीक्षेचा क्रमांक उद्या बदलेल.

---

चैत्राली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण माधवकाकांनी दिलेला अभ्यास करत होते.

काका, जाहिराती काढल्या. मला वाटलं होतं सगळीकडे एडब्ल्यूएस दिसेल. तसं झालं नाही. माझ्या जवळच्या कामांच्या जाहिरातींत इन्ट्यून, ऑटोपायलट, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्ट लिहायची भाषा) आणि सर्व्हिसनाउ ही नावं पुन्हा पुन्हा आली. सर्व्हिसनाउ तर मी रोज वापरते, तिकिटं त्याच्यावरच येतात! ते बायोडेटात लिहायचं मला कधी सुचलंच नव्हतं. सीसीएनए नेटवर्कच्या जाहिरातींत होतं, पण तिथे बहुतेकांना स्विच आणि फायरवॉलचा अनुभव हवा होता.

क्लासमध्ये फोन करून नाइटशिफ्टदादांचे प्रश्न विचारले. शिकवणारे सर सध्या पूर्ण वेळ शिकवतात. मागच्या बॅचची यादी 'पॉलिसीमुळे' देता येत नाही. प्लेसमेंट पावतीवर लिहून देत नाहीत. तिथला विषय संपला.

एचआरकडेही गेले. पास झाल्यावर फी परत मिळते, पण यादीत असलेल्या परीक्षांचीच. एमडी-१०२ यादीत आहे, सीसीएनए नाही. तर एमडी-१०२ पासून सुरुवात करते. बाबांना इग्नूचं सांगितलं, ते खूश आहेत, पुढच्या प्रवेशाच्या वेळी बघू असं ठरलं आहे.

आता अडचण अशी की इन्ट्यूनचे अधिकार माझ्याकडे नाहीत. कंपनीत ते काम दुसरी टीम करते. सराव कशावर करू?

---

ओवी

मस्त! आता लॅबचं. इन्ट्यूनची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. ती पहिल्याच दिवशी सुरू करू नकोस. आधी मायक्रोसॉफ्ट लर्नवरचे धडे पूर्ण वाच, काय काय करून बघायचं त्याची यादी कर, आणि मगच ते ३० दिवस चालू कर. विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती उतरवून विंडोजच्याच हायपर-व्हीमध्ये दोन व्हर्च्युअल मशिनं (संगणकाच्या आतले आभासी संगणक) बनव. त्यांतलं एक ऑटोपायलटने लाव, दुसऱ्यावर कम्प्लायन्स पॉलिसी (मशिनने पाळायचे सुरक्षेचे नियम) मोडून दाखव आणि कंडिशनल अ‍ॅक्सेस त्याला अडवतं का बघ. प्रत्येक पायरीचे स्क्रीनशॉट काढून टिपण ठेव. मुलाखतीत ते टिपण तुझ्या कामी येईल.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे ना? आठवर दोन मशिनं रडतात.

---

नाइटशिफ्ट

आणि ती जी दुसरी टीम आहे, त्यांच्यातल्या एखाद्याशी ओळख कर. रात्रीच्या शिफ्टला त्यांचा कोणी ऑनकॉल असतोच. 'तुम्ही करताना मी बघत बसू का' एवढंच विचार. मी लिनक्सला असाच शिरलो. जागा निघाली तेव्हा त्यांना बाहेरून माणूस शोधावा लागला नाही. कंपनीतली अशी बदली बाहेरच्या नोकरीपेक्षा सोपी असते, कारण तू कशी काम करतेस ते त्यांना माहीत असतं.

---

कोल्हापुरी_रस्सा

पॉवरशेल आजपासून सुरू कर. लर्नवर फुकट आहे. तू रोज जे काम हाताने दहा वेळा करतेस ते एका स्क्रिप्टने करून दाखव, टीमलीड स्वतः तुझं नाव पुढे करतील.

---

अजून_एक_पुणेकर

मला एडब्ल्यूएसचा सराव करायचा आहे, त्याचं फ्री टिअर खरंच फुकट असतं का? मित्राला बिल आलं म्हणे.

---

ओवी

येऊ शकतं. खातं उघडल्याबरोबर बिलिंगमध्ये बजेटचा इशारा लाव, मगच पहिलं मशिन सुरू कर. नॅट गेटवे (आतल्या मशिनांना इंटरनेटशी जोडणारी सेवा) मोफत नसतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर लागतात, तो वापरात असला तरी आणि नुसता पडून असला तरी. सराव संपला की सगळं डिलीट. नुसतं मशिन बंद केलं तरी डिस्कचे पैसे चालू राहतात. आणि मूळ खात्याला टू-फॅक्टर लाव, विसरू नकोस.

---

सह्याद्रीभटका

चैत्राली, क्रम पटला. कंपनी फी देतेय तर एमडी-१०२ आधी, यात वाद नाही.

पण सबनेटिंगचं माझं म्हणणं मी सोडत नाही. व्हीपीएन लागत नाही हे तिकीट तुझ्याकडे रोज येतं ना? पुढच्या वेळी एस्कलेट करण्याआधी आयपीकॉन्फिग, एनएसलुकअप आणि ट्रेसर्ट या नेटवर्क तपासायच्या कमांड चालव, काय दिसलं ते तिकिटात लिही आणि मग नेटवर्क टीमकडे पाठव. आमच्याकडे अशी तिकिटं आली की पाठवणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. पॅकेट ट्रेसरमध्ये अडलीस तर इथेच विचार, मी रविवारी सकाळी असतो.

---

चैत्राली_नाशिक

दादा, नक्की. कालच्या एका तिकिटात एनएसलुकअप चालवून बघितलं. व्हीपीएन लागलं होतं, पण आतल्या सर्व्हरचं नाव रिझॉल्व्ह होत नव्हतं. तसं लिहून पाठवलं, तर नेटवर्क टीमने काहीही परत न विचारता सोडवून दिलं.

रॅम आठच आहे, ओवीताई. या महिन्यात वाढवून घेते. इथे अजून कोणी एमडी-१०२ चा अभ्यास करतंय का? एकत्र करू, मला दुपारची शिफ्ट असेल तेव्हा सकाळी वेळ असतो.

---

रानपाखरू

मी! इतके दिवस नुसती वाचत होते. औरंगाबादला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला एका कारखान्याच्या आयटीत आहे, अगदी तुझंच काम. सकाळी साडेसात ते नऊ जमेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.